किल्ली बाबांच्या हातात दे

प्रिय ताई,

मी अकरावी सायन्सला आहे, वय साडेसोळा. राहायला धायरीला, कॉलेज पेठेत. घरी बाबांच्या नावावर ११० सीसीची स्कूटर आहे. बाबा कंपनीच्या बसने जातात, त्यामुळे गाडी आठवडाभर उभीच असते. दिवाळीनंतर आईने 'फक्त क्लासपुरती ने' म्हणून किल्ली दिली. पुढे मी ती कॉलेजलाही न्यायला लागलो. आईला वाटतं मी बसने जातो. कॉलेजच्या पार्किंगला वॉचमन लायसन्स विचारतो, म्हणून मागच्या गल्लीत लावायचो. तिथले एक आजोबा रोज ओरडायचे, एकदा त्यांनी दोन्ही चाकांतली हवा सोडली. मग दुसऱ्या रस्त्यावर लावली, तर पी-१ पी-२ च्या घोळात गाडी उचलली. मित्राच्या मोठ्या भावाने सोडवून आणली, दंडही त्यानेच भरला. ते पैसे अजून द्यायचे आहेत. घरी कुणालाच माहीत नाही. आता परीक्षा संपली की आम्ही सहा जण तीन गाड्यांवरून पानशेतला जाणार आहोत. मी नाही म्हणालो तर सुट्टीभर घरी बसायची वेळ येईल, आणि जूनपासून बारावी. पेठेत गाडी कुठे लावली म्हणजे उचलत नाहीत, ते सांगा. आणि हे सगळं घरी सांगायलाच पाहिजे का?

– एक विद्यार्थी, धायरी

बाळा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्या आजोबांचाच राग आला. भर दुपारी हवा गेलेली गाडी ढकलत पंक्चरवाल्यापर्यंत न्यायची म्हणजे काय, ते मला माहीत आहे, आणि मोठ्या माणसाने पोरांशी असं वागू नये. दुसऱ्यांदा वाचताना मात्र तुझ्या शेवटच्या वाक्यापाशी अडखळले. घरी सांगायलाच पाहिजे का, हे तू अगदी शेवटी, जाता जाता विचारलं आहेस. मला वाटतं, तू लिहायला बसलास ते त्याच्यासाठीच.

आधी पार्किंगचं. पी-१ ची पाटी असलेल्या बाजूला विषम तारखांना गाडी लावायची, पी-२ च्या बाजूला सम तारखांना. तारीख बदलली की बाजू बदलते, आणि काल जिथे लावली तिथून आज उचलून नेतात. तुझा घोळ तिथेच झाला असणार. हे लक्षात ठेव, दीड वर्षाने उपयोगी पडेल. आज मात्र मी तुला एकही जागा सांगणार नाही. मी पेठेतच राहते, कुठल्या बोळात दुपारपर्यंत कोणी हटकत नाही हे मला तोंडपाठ आहे. पण एकदा का बिनघोर जागा मिळाली, की तू रोज गाडी आणशील, आणि तू ती आणू नयेस असंच मला वाटतं.

पेठेतल्या गल्लीबद्दल थोडं सांगते, कारण तू ती फक्त सकाळच्या घाईत बघितली आहेस. आमची गल्ली जेमतेम दहा-बारा फुटांची. एका अंगाला जुना वाडा, दुसऱ्या अंगाला वाडा पाडून बांधलेली इमारत, आणि तिच्या पार्किंगमध्ये तिथल्याच लोकांच्या गाड्या मावत नाहीत. कॉलेजं सुरू झाली की साडेसातपर्यंत दोन्ही बाजूंना स्कूटर लागलेल्या असतात, हँडलला हँडल अडकवून. मागच्या पावसाळ्यात समोरच्या काकूंच्या छातीत दुखायला लागलं. सकाळचे दहा वाजले असतील. ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशीच थांबली, आत येईना. काकूंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचललं आणि पुढे दोघेजण वाट करत निघाले. सगळ्या गाड्यांना हँडललॉक, त्यामुळे एकेकीचं मागचं चाक उचलून सरकवावं लागत होतं. मी मोजल्या, अकरा गाड्या. खुर्चीत काकूंच्या हाताची मूठ पदरावर घट्ट आवळलेली होती, ती अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. काकू आता बऱ्या आहेत. काकांनी मात्र तेव्हापासून फाटकापुढे मातीने भरलेल्या कुंड्या मांडल्या आहेत आणि दिसेल त्या कॉलेजच्या पोरावर ते ओरडतात. तुझ्या त्या आजोबांच्या घरी काय झालंय मला ठाऊक नाही. तुलाही नसेल. एकदा रिकाम्या हाताने, गाडी न घेता त्यांच्याकडे जा आणि 'आजोबा, यापुढे इथे लावणार नाही' एवढं सांगून ये. हवेबद्दल काही बोलू नकोस.

आता कायदा. हा भाग नीट वाच, कारण तुझ्या वयाच्या मुलांच्या डोक्यात याबद्दल बरंच अर्धवट भरलेलं असतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर गाडी चालवता येत नाही. १६ पूर्ण झालेल्यांना पालकांच्या संमतीने लायसन्स मिळतं, हे तुझे मित्र सांगतील, आणि ते खरंही आहे, पण ते ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. तुझ्या बाबांची गाडी त्याच्या दुपटीहून मोठी. म्हणजे आज तुला त्या गाडीचं लायसन्स कोणत्याही मार्गाने मिळू शकत नाही.

२०१९ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरायचं ठरलं. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. आपल्याला काही माहीतच नव्हतं, हे पालकांनी सिद्ध केलं तर ते सुटू शकतात. पण तुझ्या आईला माहीत होतं. किल्ली तिनेच दिली होती, तीही क्लासपुरती, मायेने. तू सापडलास तर चौकीत तिला काय काय विचारतील, याचा एकदा विचार कर.

विम्याचंही तसंच. लायसन्स नसलेल्या माणसाच्या हातून कुणाला लागलं, तर विमा कंपनी जखमीला भरपाई देऊन तेवढी रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. कंपनीच्या बसने जाणाऱ्या तुझ्या बाबांकडून.

आणि मे २०२४ मधली कल्याणीनगरची ती पहाट पुण्यात कोण विसरलंय? ती अल्पवयीन मुलाच्या हातातली भरधाव कार होती आणि तुझी स्कूटर आहे, हा फरक मला कळतो. तरी लिहिते, कारण त्या रात्री घरी न परतलेली दोघंही तरुण होती, आणि आमच्या पिढीतल्या कितीतरी आयांनी त्या आठवड्यात पोरांकडून किल्ल्या काढून घेतल्या. काही महिन्यांनी त्या परत दिल्या. त्याचं मला वाईट वाटतं.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. त्यासाठी माझी एक गोष्ट सांगते.

मी अकरावीत असताना दादाकडे लुना होती. दादा ऑफिसला सायकलने जायचा, लुना फक्त रविवारी बाहेर काढायचा. एका गुरुवारी तो गेल्यावर मी ती ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि मैत्रिणीला मागे बसवून सारसबागेत गेले. लायसन्स माझ्याकडे नव्हतंच. परत आल्यावर स्टँडला लावताना पोटरी सायलेन्सरला टेकली. आठ आण्याच्या नाण्याएवढा चटका. त्यावर टूथपेस्ट थापली, वर सलवार, आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. दुसऱ्या दिवशी फोड फुटला. तिसऱ्या दिवशी कापड जखमेला चिकटायला लागलं, रात्री ते पाण्याने भिजवून सोडवताना मी दातांत ओढणी धरायचे. चौथ्या दिवशी मी लंगडत होते ते आजीने पाहिलं, पाय वर घ्यायला लावला, आणि सगळं बाहेर आलं.

दादा संध्याकाळी घरी आला. मला वाटलं, आता कानाखाली बसते. त्याने आधी विचारलं, तुझ्या मैत्रिणीला काही लागलं का? मग म्हणाला, "मला गुरुवारीच कळलं होतं. पेट्रोलचा कॉक तू रिझर्व्हवर ठेवलास." चार दिवस तो मी काही सांगते का याची वाट बघत होता. रोज जेवताना समोर बसत होता, ताक वाढत होता, आणि वाट बघत होता. मला ते फोडापेक्षा जास्त लागलं. पोटरीवर डाग अजून आहे.

हे तुला अशासाठी सांगते, की तुझ्या पत्रात 'घरी कुणालाच माहीत नाही' असं वाक्य आहे आणि माझा त्यावर विश्वास बसत नाही. धायरी ते पेठ जाऊन-येऊन रोजचे अठरा-वीस किलोमीटर. दिवाळीपासून. रविवारी बाबा गाडी पुसत असतील, तर मीटरवरचा आकडा त्यांच्या डोळ्यांसमोरच असतो. पेट्रोल, टायर, सगळंच बोलतं. शिवाय गाडी उचलली तेव्हा चलन गाडीच्या नंबरवर निघालं असणार, आणि त्याचा मेसेज गाडीच्या नोंदणीला जो मोबाइल जोडलेला आहे त्यावर जातो. तो नंबर कुणाचा आहे? मित्राच्या भावाने दंड भरला म्हणजे मेसेज गेला नाही, असं होत नाही. कदाचित बाबांनी तो वाचलाच नसेल. कदाचित वाचला असेल आणि तेही तुझ्यासमोर बसून जेवत असतील.

तेव्हा सांग. आणि या शनिवारच्या आत सांग, कारण पानशेतचा बेत जवळ आला की तुझी जीभ आणखी जड होईल.

आधी आईला सांग, एकटीला. हे महत्त्वाचं आहे. बाबांसमोर तिला पहिल्यांदा कळलं, तर तिची दोन्हीकडून कोंडी होईल: मुलाने फसवलं हेही तेव्हाच कळणार आणि नवऱ्याला न विचारता किल्ली दिली याचं उत्तरही तेव्हाच द्यावं लागणार. तिला सावरायला एखादा तास मिळू दे. 'आई, तू क्लासपुरती दिलेली गाडी मी कॉलेजला नेत होतो' इथून सुरुवात कर आणि त्या वाक्याला 'पण' जोडू नकोस. बसला गर्दी असते, सगळेच नेतात, हे सगळं खरं असलं तरी त्या दिवशी नको.

बाबांशी रात्री जेवणं झाल्यावर बोल. बोलायला लागायच्या आधी किल्ली त्यांच्या हातात दे. टेबलावर ठेवू नकोस, खिळ्याला अडकवू नकोस, हातात दे. मग सगळं ओळीने सांग: कधीपासून नेतोस, गल्लीतलं भांडण, गाडी उचलली तो दिवस, मित्राच्या भावाचे पैसे. तारखा आठवत असतील तर तारखांसकट. अर्धं आज आणि अर्धं विचारल्यावर, असं केलंस तर दुसऱ्या अर्ध्याच्या वेळी ते पहिल्यावरही विश्वास ठेवणार नाहीत. ते रागावतील. रागावू देत. एखादा आठवडा बोलणारही नाहीत कदाचित. त्या आठवड्यात तू रोज वेळेवर बसने जा आणि वेळेवर घरी ये, बाकी काही करायची गरज नाही.

पैशांचं बाबांकडे मागू नकोस. अकरावीची पुस्तकं आणि गाइडं नीट ठेवली असशील, तर अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घेतात. तेवढ्यात भागलं नाही, तर एप्रिल-मे हा आंब्याचा हंगाम आहे. सोसायटीत कोणी ना कोणी कोकणातून हापूसच्या पेट्या मागवून विकत असतं, त्यांना घरोघरी पोचवायला पाय हवेच असतात. मित्राच्या भावाला पैसे परत करताना एक वाक्य त्यालाही सांग, की पुन्हा असं कुणासाठी करू नकोस. त्याने चांगल्या मनाने केलं, पण त्याच्यामुळे तुझं लपवणं सोपं झालं.

जाण्यायेण्याचं कठीण आहे, ते मी नाकारत नाही. सिंहगड रोडची सकाळची बस म्हणजे दारात लोंबकळणारी माणसं आणि दांडेकर पुलापर्यंत इंच इंच सरकणं. तुला पाऊण तास लवकर निघावं लागेल. पीएमपीचा विद्यार्थी पास काढ. स्वारगेटला उतरलास की पेठेपर्यंत चालत जाता येतं, आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून तिथून जमिनीखालून मेट्रोही आहे, पुढचंच स्टेशन मंडई. क्लास धायरीतच असेल तर त्याला सायकल पुरे. हे शहर एके काळी सायकलींचं म्हणून ओळखलं जायचं. सिंहगड रोडच्या आजच्या रहदारीत मी तुला सायकल घालायला सांगणार नाही, पण घर ते क्लास एवढ्या अंतराला सायकलच बरी.

पानशेतबद्दल मात्र माझं उत्तर साफ नाही असंच आहे. तुम्हा सहा जणांत एकाकडेही लायसन्स नसणार. खडकवासल्याच्या पुढे रस्ता पाण्याच्या कडेकडेने वळणं घेत जातो आणि सुट्टीच्या दिवशी त्यावर शहरातली निम्मी गर्दी असते. आणि तिथे पोचल्यावर तुम्ही काठावर बसून डबे खाणार नाही, पाण्यात उतरणार, हे मला माहीत आहे. धरणाच्या पाण्यात दोन पावलांवर गुडघाभर असतं आणि तिसऱ्यावर पाय टेकत नाही, खाली गाळ. दर उन्हाळ्यात पुण्याच्या आसपास अशी मुलं जातात. ती बातमी वाचताना मी प्रत्येक वेळी वय बघते. सोळा, सतरा.

ग्रुपवर लांबलचक कारण देऊ नकोस. 'गाडी बाबांना परत दिली. रविवारी बसने सिंहगड, कोण येतंय?' एवढंच टाक. सहापैकी दोघं तरी येतील, बघ. माझा अनुभव असा की अशा ग्रुपमध्ये मनातून घाबरलेली मुलं नेहमी असतात, कोणीतरी आधी नाही म्हणायची ती वाट बघत असतात.

आणि सुट्टी घरात बसून जाईल ही भीती तर काढूनच टाक. शनिवारवाड्याहून सुटणारी सिंहगडची बस तुझ्या धायरी फाट्यावरूनच जाते. पहाटेची पकडलीत तर ऊन चढायच्या आत आतकरवाडीतून चढायला सुरुवात होईल. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे गड. पहिल्यांदा छाती भरून येते, दुसऱ्या वेळी दम टिकतो, मे अखेरपर्यंत तुम्ही वर जाऊन न थांबता देवटाक्यापर्यंत चालाल. वर पिठलं-भाकरी, कांद्याची भजी, मडक्यातलं दही. हे घाटातून गाडीने वर गेलेल्यांनाही मिळतं, पण चढून गेलेल्याच्या तोंडाला त्या दह्याची जी चव लागते ती त्यांना कुठून लागणार? रोजच्या संध्याकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेत. कोथरूडकडे कोणी मित्र असेल तर वेताळ टेकडी आहे, शहरातली सगळ्यात उंच जागा, तिथून दिवे लागणीला पुणं बघ.

पोहायला मात्र या सुट्टीतच शीक, कारण बारावीत वेळ मिळणार नाही आणि मित्र पुढच्या वर्षी पुन्हा पाण्याकडे ओढतील. डेक्कनच्या टिळक तलावात पुण्याच्या किती पिढ्या शिकल्या. आम्हाला पाठीला डबा बांधून ढकलायचे. नाकातोंडात पाणी जाऊन रडायला यायचं, आणि दोन आठवड्यांनी बाहेर काढायला आईला हाका माराव्या लागायच्या. घराजवळ महापालिकेचा तलाव सापडला तर आणखी बरं.

गाडीचं म्हणशील, तर वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, १८ पूर्ण झाल्या झाल्या, शिकाऊ लायसन्ससाठी परिवहन खात्याच्या 'सारथी' संकेतस्थळावर अर्ज कर. ते ६ महिने चालतं, आणि ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. शिकवायला बाबांनाच सांग. तू दिवाळीपासून चालवतोयस, म्हणजे तुला येतंय असं वाटत असेल, पण गर्दी बघून घाबरत घाबरत शिकलेल्या हाताला वाईट सवयी लागलेल्या असतात. त्या बाबांना मागे बसून लगेच दिसतील.

सिंहगडला एखाद्या रविवारी बाबांनाही विचारून बघ. आठवडाभर कंपनीच्या बसने जाणारा माणूस रविवारी पुन्हा बसमध्ये बसायला कदाचित नाही म्हणेल. पहिल्या रविवारी नाही म्हणाले तर दुसऱ्या रविवारी विचार. टोपी ने, दोघांसाठी पाणी ने. आणि मेमध्ये गडाच्या वाटेवर बायका करवंदं घेऊन बसलेल्या असतात. येताना आईसाठी एक द्रोण घेऊन ये.

– तुझी ताई